फाळक्यांचा 'सेतुबंधन' का पडला?



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, त्यांच्याविषयी तंजावरच्या मराठी मंडळींना मी काय सांगणार? तुमच्यापैकी अनेकजण त्यांच्याकडे मोडी शिकले. व्याख्यात्याने आभार मानण्यात वेळ दवडू नये, असा त्यांचा दंडक होता म्हणतात. तो पाळतो आणि विषयाला हात घालतो.

विषय एका पडलेल्या चित्रपटाचा आहे. चित्रपटाचं नाव 'सेतुबंधन', साल १९३२, दिग्दर्शक धुंडिराज गोविंद फाळके. स्मृतिव्याख्यानात थोरांच्या यशाविषयी बोलायचं असतं, अपयशाचा विषय कुठून काढलात, असं काल एका जाणत्या गृहस्थांनी मला हळूच विचारलं. दादासाहेबांच्या यशावर आपल्याकडे इतकं बोललं गेलंय की आता ती आरती झाली आहे. १९१३ सालचा 'राजा हरिश्चंद्र', गहाण टाकलेली विम्याची पॉलिसी, उपाहारगृहातला स्वयंपाकी तारामती झाला ती गोष्ट; शाळेतल्या मुलालाही हे पाठ असतं. पण याच माणसाच्या शेवटच्या मूकपटाकडे प्रेक्षकांनी पाठ का फिरवली, हे विचारायला कुणी जात नाही. १९६९पासून त्यांच्या नावाने सरकार चित्रपटातला सर्वोच्च पुरस्कार देतं. पुरस्कारावर नाव कोरलं गेलं की त्या माणसाचे उतरणीचे दिवस अडचणीचे वाटू लागतात.

हा विषय तंजावरात का, याला कारण आहे. सेतूचा रस्ता तुमच्या दारावरून जातो. इथून रामेश्वराकडे निघालेल्या यात्रेकरूंसाठी भोसले राजांनी वाटेवर छत्रं, म्हणजे धर्मशाळा, बांधली. ओरत्तनाडचं मुक्तांबाळ छत्र अजून उभं आहे. दुसऱ्या सरफोजी महाराजांनी १८०१ साली इंग्रज रेसिडेंट बेंजामिन टॉरिन यांना या छत्रांविषयी लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. राज्य गेलं तरी चालेल, पण छत्रांना हात लावू नका, असा त्या पत्राचा रोख आहे. वाटसरूला जातपात न पाहता अन्न मिळतं, आजारी पडला तर औषध मिळतं, छत्रात मुलांना शिकवलं जातं, हे सगळं त्यात तपशिलाने आलं आहे. तेव्हा उत्तरेतून निघालेला माणूस सेतूला पोचेल की नाही, ही काळजी या गावाने शंभर वर्षांहून जास्त काळ वाहिली आहे. एक नाशिककर सेतू बांधायला निघाला आणि मध्येच अडला, तर त्याची चौकशी तंजावरने करायला हरकत नाही.

आधी थोडं दूरचं बोलतो. अमेरिकेत वेस्टर्न म्हणून चित्रपटांची एक जात आहे. घोडे, पिस्तुलं, माळरान, कायदा पोचायच्या आधीची वस्ती. मूकपटांच्या काळात तमिळ मुलखातल्या सिनेमाच्या तंबूंतही परदेशी साहसपट चालायचे. एडी पोलो या नटाचं नाव त्या पिढीतल्या पोरांच्या तोंडी होतं. या जातीचा सर्वांत मोठा दिग्दर्शक जॉन फोर्ड. १९२४ साली त्याने 'द आयर्न हॉर्स' काढला. अमेरिकेचे दोन किनारे जोडणाऱ्या लोहमार्गाची ती कथा, आणि ती तुफान चालली. दोनच वर्षांनी, १९२६ साली, 'थ्री बॅड मेन' आला. मोकळ्या जमिनीवर ताबा मिळवायला शेकडो गाड्या आणि घोडे एकदम सुटतात, हा त्यातला प्रसंग आजही अभ्यासाला लावतात. पण तिकीटबारीवर चित्रपट कमी पडला. त्यानंतर फोर्डने थेट १९३९पर्यंत, 'स्टेजकोच'पर्यंत, एकही वेस्टर्न केला नाही. तेरा वर्षं थांबला आणि परत आला तो राजासारखा.

आपल्याकडे या जातीच्या जागी पौराणिक चित्रपट आहे, असं मला वाटतं. अमेरिकन माणसाने आपली मूळकथा माळरानावर शोधली, आपण ती रामायण-महाभारतात शोधली. गोष्ट आधीपासून सगळ्यांना ठाऊक असते; ती पुन्हा बघायला लोक पैसे मोजतात. फाळक्यांचा 'आयर्न हॉर्स' म्हणजे १९१७चा 'लंकादहन'. अण्णा साळुंके यांनी त्यात राम आणि सीता दोघांचीही कामं केली. मुंबईत गिरगावच्या वेस्ट एंडमध्ये पहिल्या दहा दिवसांत तीस हजारांच्या वर गल्ला जमला. मद्रासची कथा तर तुम्ही ऐकली असेल: जमा झालेली नाणी बैलगाडीत घालून पोलीस पहाऱ्यात न्यावी लागली म्हणतात. पडद्यावर राम आला की माणसं पायातल्या वहाणा काढायची.

'सेतुबंधन' ही त्याच कांडाच्या पुढची गोष्ट. पण मध्ये पंधरा वर्षं गेली. फोर्ड पडला तेव्हा बत्तिशीचा होता. फाळके पडले तेव्हा बासष्टीचे होते. तेरा वर्षं थांबायची सोय त्यांना नव्हती.

या पंधरा वर्षांचा हिशेब थोडक्यात मांडतो, कारण ती भांडणं आता शिळी झाली आहेत. १९१८ साली भागीदारांच्या पैशातून हिंदुस्थान फिल्म कंपनी निघाली. फाळक्यांना खर्चाचा हिशेब विचारलेला खपत नसे, आणि भागीदारांना कलावंताचा हट्ट खपत नसे. ते कंपनी सोडून काशीला गेले, तिथे 'रंगभूमी' नावाचं नाटक लिहिलं, समजूत घातल्यावर परत आले, वर्षामागून वर्ष चित्रपट काढत राहिले, पुन्हा बिनसलं, पुन्हा बाहेर पडले. काशी करून आलेल्या माणसाने पुढे सेतूचा चित्रपट काढावा, हा क्रम जुन्या यात्रेकरूंना आवडला असता.

१९२०च्या दशकाच्या अखेरीस मायाशंकर भट्ट यांनी ५०,००० रुपये द्यायचं कबूल केलं आणि फाळके डायमंड कंपनी उभी राहिली. चित्रीकरण सुरू झालं ते हंपीला. हा निर्णय नीट बघा. तुंगभद्रेच्या त्या खडकाळ मुलखालाच लोक किष्किंधा म्हणतात. ऋष्यमूक, पंपा सरोवर, सगळं तिथे दाखवतात. 'हरिश्चंद्रा'चा राजवाडा दादरच्या बंगल्यात रंगवलेल्या पडद्यांवर उभा करणारा माणूस आता वानरसेना घेऊन खऱ्या किष्किंधेत पोचला. पुढे मद्रास आणि रत्नागिरी, म्हणजे दोन्हीकडचे समुद्र. गोष्टीला तिची खरी जमीन द्यायची, हे त्यांनी त्या वयात मनावर घेतलं होतं. फोर्डच्या वेस्टर्नचा सगळा जोरही जमिनीवरच आहे. म्हणजे कल्पना थकली होती असं कुणी म्हणू नये. थकली ती थैली.

पैसे संपले आणि काम बंद पडलं. जुने भागीदार वामन श्रीधर आपटे मध्ये पडले, फाळके डायमंड कंपनी हिंदुस्थान फिल्म कंपनीत मिसळली, आणि ज्या घरातून बाहेर पडलो त्याच घरात दादासाहेबांना चित्रपट पुरा करावा लागला. यात दोनेक वर्षं गेली. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये 'आलम आरा' हा बोलपट लागला. 'सेतुबंधन' प्रेक्षकांपुढे आला तोवर पडदा बोलायला लागला होता.

एवढ्यावर गोष्ट संपते, असं चित्रपटाचे इतिहासकार धरून चालतात. बोलपट आला, मूकपट मेला, म्हातारा मागे पडला. मला हे उत्तर अपुरं वाटतं. १९३१ सालीच चार्ली चॅप्लिनने 'सिटी लाइट्स' हा न बोलणारा चित्रपट जगापुढे ठेवला. अमेरिकेत बोलपट येऊन तेव्हा तीनेक वर्षं झाली होती, तरी लोकांनी तो डोक्यावर घेतला. मूक असणं हाच गुन्हा असता तर चॅप्लिनही पडला असता. मग सेतूच का पडला?

यासाठी फाळक्यांचा एक चित्रपट जवळून बघू. १९१९चा 'कालिया मर्दन' बराचसा शाबूत आहे. सुरुवातीला पुराणातलं काहीच दिसत नाही. फाळक्यांची सात वर्षांची मुलगी मंदाकिनी नुसती कॅमेऱ्यासमोर आहे. तिचा चेहरा हसतो, रुसतो, चिडतो, रडवेला होतो, पुन्हा हसतो. ही एक मुलगी आहे आणि ती नट आहे, एवढंच बाप आपल्याला दाखवतो. मग बघता बघता तीच मोरपीस लावलेला कृष्ण होते. पुढे हा कृष्ण डोहात उडी घेतो. चित्र दोन ठिकाणी धावू लागतं. पाण्याखाली ते पोर सापाशी झुंजतंय, काठावर यशोदा आणि गोकुळातली माणसं ऊर बडवताहेत. पुन्हा पाणी, पुन्हा काठ. काठावरच्या बाया तोंड उघडून आक्रोश करतात आणि आपल्याला ऐकू काहीच येत नाही. तरी प्रसंग अंगावर येतो. आजच्या पोरांना मी हा भाग दाखवतो तेव्हा तीही मोबाइल खाली ठेवतात.

हे जमतं कसं? जादू येत होती, हे एक उत्तर. फाळके खरोखरचे जादूगार होते, प्रोफेसर केळफा या नावाने, स्वतःचं आडनाव उलटं करून, प्रयोग करत. पण दुसरं उत्तर जास्त महत्त्वाचं आहे. तो आक्रोश प्रेक्षक स्वतः भरून काढत होता. कालियामर्दनाची कथा त्याने देवळात शंभरदा ऐकलेली. यशोदा काय म्हणते, कशा चालीत म्हणते, हे त्याच्या कानात आधीच होतं. थिएटरात, चित्रांच्या मध्ये येणाऱ्या मजकुराच्या पाट्या पडद्याशेजारी उभं राहून मोठ्याने वाचून दाखवणारा माणूसही असायचा, आणि तो नुसतं वाचत नसे, पदरचं घालून सांगत असे. फाळक्यांचे मूकपट फिल्मवर मूक होते. थिएटरात ते कधीच मूक नव्हते.

आणि मंडळी, हे तंजावरला मी सांगायचं म्हणजे गंमतच आहे. चित्र एकाचं आणि आवाज दुसऱ्याचा, ही व्यवस्था तुमच्या घरची. शहाजी राजांनी सतराव्या शतकाच्या अखेरीला मराठीत 'लक्ष्मीनारायण कल्याण' लिहिलं. सांगलीला विष्णुदास भावे यांनी 'सीता स्वयंवर' केलं ते १८४३ साली. म्हणजे दीडशे वर्षं आधी इथल्या दरबारात मराठी नाटक होतं, आणि त्यात गोष्ट पुढे नेत होता सूत्रधार, गाऊन. भाव्यांच्या नाटकांतही पदं सूत्रधारच गायचा; पात्रं त्यावर हावभाव करायची. तमिळनाडूत चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ करणारी जी कुटुंबं आहेत, ती आजही घरात मराठी बोलतात. त्यांचे पूर्वज तंजावरच्या मराठ्यांच्या काळात इकडे आले, असं ती सांगतात. त्यांचा खेळ म्हणजे काय? उजळलेला पडदा, त्यावर हलणारं रामायण, आणि मागे बसलेला एक माणूस, जो रामाचा, रावणाचा, हनुमंताचा, सगळ्यांचा आवाज एकटा काढतो. फाळक्यांनी कॅमेरा विलायतेतून आणला. बाकीची मांडणी इथे तयार होती.

मग कीर्तन. १८६०च्या दशकात मोरगावकर बुवा तंजावरला आले आणि त्यांचं कीर्तन ऐकून इथले गवई आणि कथेकरी चकित झाले. तंजावर कृष्ण भागवतरांनी ती मराठी तऱ्हा उचलली, तिला कर्नाटक संगीताचा साज चढवला आणि हरिकथा म्हणून जी कला दक्षिणभर गेली तिचा पाया घातला. साकी आणि दिंडी ही मराठी वृत्तं तमिळ भागवतरांच्या तोंडी आजही आहेत. ज्यांना मराठीचं अक्षर येत नाही असे विद्वान साकी म्हणताना मी ऐकले आहेत, आणि मला आमच्या पुण्याची थोडी शरमच वाटली आहे. एक माणूस उभा राहतो, चिपळ्या हातात, मागे टाळ-मृदंग, आणि केवळ आवाजावर समुद्र, सेतू, वानर, लंका सगळं उभं करतो.

ही ऐकण्याची सवय ध्यानात घ्या आणि मग १९३१ साली मद्रासमध्ये काय झालं ते बघा. ३१ ऑक्टोबरला किनेमा सेंट्रलमध्ये 'कालिदास' लागला. तमिळ बोलपटांचा इतिहास इथून मोजतात. दिग्दर्शक एच. एम. रेड्डी. चित्रीकरण मुंबईत, अर्देशिर इराणी यांच्या इंपीरियलच्या स्टुडिओत. नायिका टी. पी. राजलक्ष्मी, जेमतेम विशीची, तुमच्या जिल्ह्यातली. नावातला 'टी' तिरुवैयारूचा. फिल्मचे डबे आले तेव्हा लोक त्यांच्यामागून चालत गेले, नारळ फोडले, धूप जाळला. चित्रपट कसा होता? तंत्र कच्चं. नायिका तमिळमध्ये विचारी आणि नायक तेलुगूत उत्तर देई. आणि कालिदासाच्या कथेत त्यागराजांची गाणी! काळाचा, भाषेचा कशाचा पायपोस कशात नव्हता. कुणी तक्रार केली नाही. कावेरीकाठची मुलगी पडद्यावरून त्यागराजांचं पद म्हणत होती, आणि ते ऐकायला लोक आले होते.

माझं म्हणणं असं. चॅप्लिनला शब्दांची गरज नव्हती, कारण त्याचा भटक्या कुणी पुराणातला नव्हता. त्याला आधीचा आवाज नव्हता. तो गप्प राहिला तरी कुणाला चुकल्यासारखं वाटत नाही. राम गप्प राहू शकत नाही. आपल्याकडे राम ऐकायचा असतो. जोवर पडदा बोलत नव्हता, तोवर प्रेक्षक त्याच्या वाटचं बोलून घेत होता, आणि त्या करारावर फाळक्यांची कला वीस वर्षं उभी होती. 'आलम आरा' आणि 'कालिदास' यांनी तो करार एका वर्षात मोडला. आवाज देणं आता पडद्याचं काम झालं. अशा वेळी 'सेतुबंधन' आला, आणि प्रेक्षकाला जी शांतता पूर्वी दिसतही नव्हती ती एकदम ऐकू यायला लागली.

याला आणखी एक पुरावा देतो. ६ फेब्रुवारी १९३२ रोजी प्रभातचा 'अयोध्येचा राजा' लागला. दिग्दर्शक शांताराम, हरिश्चंद्र गोविंदराव टेंबे, तारामती दुर्गा खोटे. कथा कुठली? फाळक्यांनी १९१३ साली जिच्यापासून सुरुवात केली तीच. म्हणजे पौराणिक चित्रपटाचा लोकांना कंटाळा आला होता हे खरं नाही. उलट त्याच गोष्टीसाठी पुन्हा रांगा लागल्या. तारामतीसाठी बाई मिळेना म्हणून दादासाहेबांनी दारोदार फिरावं, आणि एकोणीस वर्षांनी चांगल्या घरातली, शिकलेली बाई ती भूमिका करते आणि मराठीत बोलते. त्याच वर्षी त्यांचा स्वतःचा चित्रपट मुका. नियतीने थट्टा करावी तरी किती!

फाळक्यांना हे कळलं नाही असं मुळीच नाही. त्यांनी 'सेतुबंधन'ला मागाहून आवाज द्यायचं ठरवलं आणि त्यासाठी गेले ते इराणी यांच्याच इंपीरियलमध्ये, जिथे 'आलम आरा' आणि 'कालिदास' बोलले होते. या कामाला सुमारे ४०,००० रुपये लागले. मूळ चित्रपटासाठी ५०,००० कबूल झाले होते हे लक्षात घेतलं, तर तोंड घालायला जवळजवळ शरीराइतकाच खर्च आला. १९३४ साली तो हिंदीत पुन्हा आला आणि तरीही सावरला नाही.

का सावरला नाही, याचं माझं उत्तर तांत्रिक आहे. मूकपटातला नट वाक्य बोलत नाही, वाक्याचा अर्थ करतो. हात उंच, छाती पुढे, डोळे मोठे. पाटी येईपर्यंत तो मुद्रा धरून ठेवतो. त्याच्या तोंडी नंतर संवाद बसवले की मुद्रा आधीच सगळं सांगून गेलेली असते आणि शब्द मागून धापा टाकत येतो. बोलपटाचा नट कमी करतो, कारण उरलेलं शब्द करणार असतात. कीर्तनकाराला विचारा, तोही हेच सांगेल: पद म्हणताना हातवारे आवरावे लागतात. आवाज ही वरून लावायची वस्तू नाही. चित्र घेतानाच तिच्यासाठी जागा सोडावी लागते. 'सेतुबंधन'चं चित्र घेतलं गेलं ते अशी जागा सोडण्याची गरज कुणाला ठाऊक नव्हती तेव्हा.

दादासाहेबांची मांडणी अशी दुबळी पडत होती त्या १९३४ सालीच, इथून जवळच्या पापनाशमचे के. सुब्रह्मण्यम यांनी 'पवळक्कोडी' काढला. कुंभकोणमचा वकील, पहिलाच चित्रपट, आणि नायक एम. के. त्यागराज भागवतर. भागवतर हे बिरुद कुठून आलं ते वेगळं सांगायला नको. कथा महाभारताच्या आधाराने रचलेली, गाणी पन्नास, आणि चित्रपट धो धो चालला. मोरगावकर बुवांपासून कृष्ण भागवतरांपर्यंत आणि तिथून त्यागराज भागवतरांपर्यंत जी वाट जाते, तिच्यावरून पौराणिक कथा बोलपटात सरळ चालत आली. ती नाशिकच्या पंचवटीहून येणार असं वाटत होतं, आली कावेरीकाठून.

याचा अर्थ फाळके कालबाह्य झाले होते, असा निकाल मी देणार नाही. तो फार सोयीचा आहे. १९२७-२८ साली सरकारने सिनेमाच्या चौकशीसाठी समिती नेमली. अध्यक्ष होते मद्रासचे वकील टी. रंगाचारियर. तिच्यापुढे फाळक्यांनी देशी चित्रपटांतलं तंत्र आणि कला दोन्ही कमी पडतात, असं स्वच्छ सांगितलं होतं. स्वतःच उभारलेल्या धंद्याविषयी असं बोलायला धैर्य लागतं. उणीव त्यांना दिसत होती. पण तिचं उत्तर त्यांनी नेहमी डोळ्यांच्या बाजूने शोधलं: आणखी चांगली जागा, आणखी अवघड चमत्कार, आणखी मोठी सेना. ते चित्रकार होते, छायाचित्रकार होते, रविवर्म्यांच्या छापखान्यात काम केलेले होते, जादूगार होते. सगळी विद्या डोळ्यांची. वडील दाजीशास्त्री यांच्या घरात वाढलेल्या या माणसाच्या कानावर पोथी-पुराण लहानपणापासून होतं, ते त्यांनी जन्मभर चित्रात आणलं, पण ते ऐकवायची वेळ आली तेव्हा त्यांचं वय झालं होतं आणि हातात दुसऱ्याचा पैसा होता.

पुढचं थोडक्यात. कोल्हापूरच्या राजाराम महाराजांनी बोलावून घेतलं आणि कोल्हापूर सिनेटोनसाठी त्यांनी 'गंगावतरण' केला, १९३७ साली. खर्च अडीच लाख. यात चित्र घेतानाच आवाज होता, तरी तो त्यांचा शेवटचा ठरला. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला ते वारले. वृत्तपत्रांनी फारशी दखल घेतली नाही.

फोर्डच्या 'थ्री बॅड मेन'चं नशीब असं की तो जपला गेला, पुन्हा दाखवला गेला, आणि ज्या समीक्षकांच्या बापांनी त्याला नावं ठेवली त्यांनी त्याला उचलून धरलं. पडलेल्या चित्रपटालाही अपील करता येतं, पण त्यासाठी तो आणि त्याच्याभोवतीचे कागद शिल्लक असावे लागतात. आपण या बाबतीत करंटे. नायट्रेटची फिल्म जळते, कुजते, आणि चांदीसाठी लोकांनी ती वितळवलीसुद्धा. जे पुण्यात जमवून ठेवलं होतं त्यातल्या नायट्रेट रिळांच्या कोठाराला जानेवारी २००३मध्ये आग लागली.

म्हणून तंजावरकरांकडे एक मागणं आहे. या चित्रपटांचं निम्मं अंग आवाजाचं होतं असं मी म्हणतोय, आणि ते निम्मं अंग फिल्मवर कधीच नव्हतं. ते पाट्या वाचणाऱ्याच्या, हरिकथेकऱ्याच्या, पडद्यासमोर पेटी वाजवणाऱ्याच्या वहीत होतं. तुमच्यापैकी कुणाच्या घरी आजोबांच्या कीर्तनाच्या वह्या असतील, मोडीत असोत की देवनागरीत, तमिळमध्ये असोत की तेलुगूत. तंबूतल्या सिनेमाची जाहिरातपत्रं असतील, चित्रपटांच्या गाण्यांची पुस्तकं असतील, काचेच्या स्लाइड असतील. घर पाडायला काढाल, माळा रिकामा कराल, तेव्हा हे रद्दीत देऊ नका. सरस्वती महाल ग्रंथालयात नेऊन दाखवा, किंवा पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला पत्र टाका. आणि घरात नव्वदीच्या घरातलं कुणी असेल, ज्यांनी लहानपणी तंबूत पाट्या वाचणारा माणूस ऐकला असेल किंवा त्याच्या गोष्टी वडिलांकडून ऐकल्या असतील, तर याच आठवड्यात त्यांच्याजवळ बसा आणि मोबाइलवर त्यांचं बोलणं टिपून घ्या.